बारीक होण्याच्या नादात

‘मी सध्या डाएटवर आहे’ हे वाक्य वीस वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतील कट्ट्यांवर ऐकू येत असे. आता ते धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब अशा गावांतील शिकवणी वर्गांच्या बाहेरही ऐकू येऊ लागले आहे. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि जे चेहरे, जे बांधे पूर्वी चित्रपटगृहात किंवा मासिकाच्या मुखपृष्ठावर अधूनमधून दिसत, ते मुलांच्या तळहातावर येऊन बसले. महानगर आणि तालुक्याचे गाव यांच्या स्वप्नांतील अंतर एका पिढीच्या आत पुसले गेले. त्यांच्या ताटांतील अंतर मात्र तसेच राहिले.

धाराशिव, म्हणजे २०२३ पर्यंतचे उस्मानाबाद, हा केंद्र सरकारने २०१८ मध्ये सुरू केलेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमातील एक जिल्हा. देशातील ११२ जिल्ह्यांच्या या यादीत महाराष्ट्राचे चारच जिल्हे आहेत : नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. या जिल्ह्यांची प्रगती ज्या कसोट्यांवर मोजली जाते, त्यांत आरोग्य आणि पोषण यांचा वाटा ३० टक्के आहे. अवर्षण, कोरडवाहू शेती, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर या साऱ्यांमुळे मुलांच्या पोटात पुरेसे अन्न जाते की नाही, ही येथील जुनी काळजी. आता तिच्या शेजारी एक नवी काळजी येऊन उभी राहिली आहे : समोर वाढलेले ताट मुलांनी, विशेषतः मुलींनी, आपणहून बाजूला सारण्याची. वरकरणी या दोन गोष्टी परस्परविरोधी भासतात. एक गरिबीची, दुसरी सुखवस्तूपणाची. प्रत्यक्षात शरीराला हा भेद कळत नाही. अन्न मिळाले नाही म्हणून उपाशी राहिलेली मुलगी आणि बारीक व्हायचे म्हणून उपाशी राहिलेली मुलगी, दोघींचे रक्त सारखेच पातळ होते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१.१ टक्के आहे. त्याआधी २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुले-मुली वयाच्या मानाने कृश आढळली, तर अतिवजन किंवा लठ्ठपणा असलेली सुमारे ५ टक्के. म्हणजे आपल्या किशोरवयीन मुलांत जाडेपणाने त्रस्त असलेल्यांपेक्षा गरजेहून बारीक असलेल्यांची संख्या जवळपास पाचपट आहे.

लठ्ठपणा हा प्रश्नच नाही, असा याचा अर्थ नव्हे. शहरांत तो वाढतो आहे आणि त्याचे परिणामही गंभीर आहेत. परंतु ‘कमी खा’ हा एकच सल्ला सर्व मुलांच्या कानांवर सारखाच आदळतो, तेव्हा तो नेमका ज्यांना लागू नाही त्यांच्यापर्यंत अधिक पोहोचतो, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

वाढीचे वय, वाढीची भूक

वयात येताना मुलीच्या शरीरात चरबीचे प्रमाण वाढते. नितंब, मांड्या, छाती यांना भरीवपणा येतो. हा दोष नसून निसर्गाची योजना आहे. पाळी सुरू होण्यासाठी आणि नियमित राहण्यासाठी शरीरात ठरावीक साठा असावा लागतो. मुलांमध्ये याच सुमारास उंची झपाट्याने वाढते आणि स्नायू त्यामागून काही काळाने भरतात. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांचा मुलगा काही काळ काटकुळा दिसतो, तर त्याच वयाची मुलगी ‘सुटल्यासारखी’ वाटते. दोघेही निरोगी असतात. नेमक्या याच वेळी आरसा आणि आजूबाजूची माणसे दोघांनाही सांगू लागतात की, तुमचे काहीतरी चुकते आहे.

या वयाची गरज किती असते? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २४०० कॅलरी आणि ३० मिलिग्रॅम लोह लागते. १६ ते १८ या वयात ही गरज २५०० कॅलरी आणि ३२ मिलिग्रॅम लोह इतकी होते. हाडे भक्कम होण्यासाठी रोज एक ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागते, ते वेगळेच. आयुष्यभर पुरेल असा हाडांचा बहुतेक साठा अठराव्या वर्षापर्यंतच जमा होतो. त्या वयात चुकलेली भर पुढे पूर्णपणे भरून काढता येत नाही.

आता इंटरनेटवर फिरणाऱ्या आहाराच्या तक्त्यांकडे पाहावे. ‘महिन्यात सात किलो’ असे आश्वासन देणारे अनेक तक्ते दिवसाला १२०० कॅलरींचे असतात. सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू, दुपारी एक वाटी सॅलड, रात्री सूप. हे तक्ते कोणासाठी आहेत, किती वयासाठी आहेत, याचा उल्लेखही बहुधा नसतो. सोळा वर्षांच्या मुलीने ते पाळायचे ठरवले, तर तिला तिच्या गरजेच्या निम्मेही अन्न मिळणार नाही. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण आपल्याकडे आहेच. नव्या काळात हळदीची जागा लिंबूपाण्याने घेतली आहे, एवढाच फरक.

‘वाळलीस’ आणि ‘सुटलीस’

आपले शरीर कसे दिसते, कसे दिसायला हवे आणि लोकांना ते कसे वाटत असेल, याविषयी माणसाच्या मनात जे चित्र तयार होते, त्याला मानसशास्त्रात देहप्रतिमा म्हणतात. हे चित्र आरशावरून कमी आणि आजूबाजूच्या बोलण्यावरून अधिक घडते. सुट्टीत आलेली आत्या दारातच म्हणते, ‘किती वाळलीस गं!’ आणि त्याच आठवड्यात लग्नघरी भेटलेली मावशी म्हणते, ‘चांगलीच सुटलीस की!’ दोघींच्याही मनात मायाच असते. परंतु चौदा वर्षांच्या मुलीला त्यातून एकच गोष्ट उमगते की, आपले शरीर ही चारचौघांनी मत देण्याची बाब आहे.

त्यात लग्नाच्या बाजाराची भर पडते. मुलगी दहावी-बारावीला पोहोचली की, नात्यागोत्यात तिच्या रंगाची, उंचीची, बांध्याची चर्चा सुरू होते. ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द स्थळांच्या जाहिरातींत वर्षानुवर्षे छापले जात आहेत. हिंदुस्तान युनिलिव्हर कंपनीने २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ या आपल्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढून टाकला. स्थळ पाहताना मनात असलेला तो शब्द काढणे मात्र कोणा कंपनीच्या हाती नाही.

पडद्याचा परिणाम किती लवकर होतो, याचे एक उदाहरण अभ्यासकांना सुपरिचित आहे. प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर भरल्या अंगाचे कौतुक होते. आपल्याकडेही पूर्वी अंगाने भरलेली सून ही घरच्या सुबत्तेची खूण मानली जाई, तसेच काहीसे. तेथील नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. हार्वर्डच्या संशोधक अॅन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयी अनारोग्यकारक वृत्ती दिसणाऱ्या मुलींचे प्रमाण या तीन वर्षांत १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी आधीच्या पाहणीत आढळली नव्हती. नंतरच्या पाहणीत हे प्रमाण ११.३ टक्के झाले होते.

ही गोष्ट दिवाणखान्यातील एका टीव्हीची होती. आजचा पडदा प्रत्येकाच्या हातात आहे आणि त्यावर केवळ नट-नट्याच नव्हे, तर वर्गातील मैत्रिणीही आहेत. त्यांचे फोटो फिल्टर लावून गुळगुळीत केलेले असतात. मुलगी स्वतःची तुलना अशा चेहऱ्याशी करत असते, जो त्या मैत्रिणीचाही नसतो. इन्स्टाग्राम ज्या कंपनीच्या मालकीचे आहे, त्या तेव्हाच्या फेसबुकच्या अंतर्गत अभ्यासातील काही कागद सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांतून उजेडात आले. दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या मनातील शरीराविषयीची खंत या माध्यमामुळे वाढते, अशी नोंद त्यात होती. कंपनीने या निष्कर्षाचा चुकीचा अर्थ लावला जात असल्याचे म्हटले. पण अशी नोंद घरातच झाली होती, हे पुरेसे बोलके आहे.

कमी खाण्याचे कौतुक

मुलीने जेवण कमी केले, तर घरात ते लवकर लक्षात का येत नाही? कारण मुलीच्या कमी खाण्याचे आपल्याकडे कौतुकच होते. सर्वांत शेवटी जेवणारी, उरलेसुरले खाणारी, ‘मला भूक नाही’ म्हणून भावाच्या ताटात भाकरी वाढणारी स्त्री सोशिक आणि गुणी ठरते. आई असेच करत आली असेल, तर मुलीचे ‘नको’ वेगळे ऐकू येत नाही. मुलगा एक घास कमी जेवला तर विचारपूस होते. मुलीचा घास मात्र स्वभावात जमा होतो.

उपवासांचेही तसेच. तुळजाभवानीच्या या जिल्ह्यात नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरणाऱ्या घरांची संख्या मोठी आहे. व्रत आणि डाएट या गोष्टी एक नव्हेत, हे आधी स्पष्ट करायला हवे. व्रताला आरंभ असतो आणि पारणेही असते. ते घरादाराच्या सोबतीने होते आणि त्याचा हेतू आरशाशी निगडित नसतो. डाएटला पारणे नसते. एक किलो उतरला की दुसऱ्याची ओढ लागते. परंतु बारीक होण्याच्या ध्यासात अडकलेल्या मुलीला उपवास हे सोयीचे निमित्त ठरू शकते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे करत आठवड्यातील निम्मे दिवस ‘उपास आहे’ म्हणून निघून जातात आणि कोणी काही विचारत नाही. सोळा वर्षांच्या मुलीचे उपवास अचानक वाढले, फराळही ती टाळू लागली, तर श्रद्धेला धक्का न लावता त्यामागचे कारण शोधायला हवे.

उपासमार मनाचे काय करते?

डाएट करणारी मुलगी चिडचिडी होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, तेव्हा ‘वयच तसे आहे’ म्हणून सोडून दिले जाते. कमी अन्नाचा मनावर काय परिणाम होतो, याचा सर्वांत काटेकोर अभ्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे पोसावे, हे समजण्यासाठी अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्याहून लक्षणीय होते त्यांच्या मनातील बदल. हे तरुण सतत अन्नाविषयी बोलू लागले, पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले, एकेक घास बराच वेळ चघळू लागले. ते उदास झाले, मित्रांपासून तुटले, त्यांचे लक्ष कशातच लागेना. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही काही जणांना खाण्यावर ताबा ठेवता येईना.

या तरुणांना दिवसाला सुमारे १५७० कॅलरी मिळत होत्या. ज्या आहाराला शास्त्रज्ञांनी अर्धी उपासमार म्हटले, त्याहूनही कमी अन्नाचे तक्ते आज ‘आरोग्यदायी’ म्हणून मुलींच्या मोबाइलवर येतात.

भूक मारल्यावर शरीर ती विसरत नाही, साठवून ठेवते. दिवसभर उपाशी राहिलेली मुलगी रात्री हाताला लागेल ते खाते, मग अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहते. मिनेसोटातीलच एका दीर्घ अभ्यासात पाच वर्षांनी असे दिसले की, डाएट करणारी मुले-मुली न करणाऱ्यांपेक्षा अतिवजनाकडे झुकण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप करायचा, तेच हाती लागत नाही.

काहींच्या बाबतीत हे चक्र आजाराच्या पातळीवर जाते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात चौदा-पंधरा वर्षांच्या मुला-मुलींचा तीन वर्षे मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. अतिकडक डाएट करणाऱ्या मुलींना आहारविकार जडण्याची शक्यता डाएट न करणाऱ्या मुलींच्या १८ पट, तर मध्यम स्वरूपाचे डाएट करणाऱ्यांना पाचपट होती. आहारविकारांतील दोन प्रमुख म्हणजे अॅनोरेक्सिया आणि बुलिमिया. पहिल्यात माणूस वाळून काटकी झाला तरी खाणे टाळत राहतो. दुसऱ्यात अधाशासारखे खाऊन नंतर उलटी केली जाते किंवा जुलाबाची औषधे घेतली जातात. वारंवार उलट्या केल्याने रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाची लय बिघडू शकते. मनोविकारांमध्ये सर्वाधिक मृत्यू ओढवणाऱ्या आजारांत अॅनोरेक्सियाची गणना होते. त्यामुळे ‘हे श्रीमंतांचे चोचले’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडते.

लक्ष द्यावे अशी लक्षणे कोणती? काही महिन्यांत झपाट्याने घटलेले वजन, सलग तीन महिने न आलेली पाळी, वारंवार चक्कर, सतत वाजणारी थंडी, गळणारे केस, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाऊन बराच वेळ घालवणे, घरच्यांसोबत जेवण्यास टाळाटाळ, अंगापेक्षा ढगळ कपडे, दिवसातून अनेकदा वजन करणे. यातील दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर उपदेश न करता डॉक्टरांकडे जावे.

मुलांचे दुखणे वेगळे

देहप्रतिमेचा प्रश्न केवळ मुलींचा आहे, हा समज चुकीचा आहे. मुलींना बारीक व्हायचे असते, मुलांना ‘बॉडी’ कमवायची असते. मराठवाड्यात पोलीस आणि सैन्यभरती ही हजारो तरुणांची आशा आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांसाठी किमान १६५ सेंटीमीटर उंची, न फुगवता ७९ सेंटीमीटर छाती आणि फुगवल्यावर त्यात किमान ५ सेंटीमीटर वाढ अशी अट आहे. मैदानी चाचणी ५० गुणांची असते : १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे व गोळाफेक. पोटाला सहा घड्या पडाव्यात, दंड फुगावेत, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. लागतो तो दम. तो पोटभर आहार, पुरेशी झोप आणि नियमित सराव यांतून येतो.

तरीही अनेक मुले घरचे वरण-भाकरी सोडून महागड्या प्रोटीन पावडरीच्या डब्यामागे लागतात. काही जण त्याहून पुढे जाऊन कोणाच्या तरी सांगण्यावरून स्टिरॉइडची इंजेक्शने घेतात. वाढीच्या वयात अशी औषधे घेतल्यास हाडांची वाढीची टोके वेळेआधी जुळतात आणि उंची खुंटते. यकृताला आणि प्रजननक्षमतेला होणारी इजा निराळीच. म्हणजे ज्या भरतीसाठी हा सारा आटापिटा, तिची पहिलीच अट हातची जाण्याचा धोका.

काटा सगळे सांगत नाही

वजनकाट्यावरचा आकडा म्हणजे आरोग्य नव्हे, हे महाराष्ट्रातील संशोधनानेच जगाला दाखवून दिले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक एकत्रित फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते. उपाशी राहून वजन घटवले, तर चरबीबरोबर मौल्यवान स्नायूही झिजतात आणि हा असमतोल आणखी वाढतो.

याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासाने याचे मूळ आणखी मागे नेले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बाळे वजनाला कमी, परंतु चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली. अशा बाळांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. आज डाएटपायी रक्त कमी करून घेणारी मुलगी काही वर्षांनी आई होणार असेल, तर तिच्या आजच्या ताटाचा हिशेब पुढच्या पिढीच्या अंगावर निघतो.

मुलांचे वजन योग्य आहे की नाही, हे मोठ्यांच्या तक्त्यावरून किंवा मैत्रिणीशी तुलना करून ठरवू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये भारतीय मुलांसाठी वय आणि लिंगानुसार वाढीचे आलेख तयार केले आहेत. कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडे ते पाहायला मिळतात. वजन खरोखरच जास्त असेल किंवा पाळी अनियमित असेल, तर उपाय जरूर करावेत. पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने. तेव्हाही जेवण तोडण्याऐवजी पाकिटातील खारे-गोड पदार्थ आणि शीतपेये कमी करणे, मैदानावर खेळणे, वेळेवर झोपणे हाच मार्ग असतो.

जाहिराती आणि कायदा

‘सात दिवसांत पोट कमी’, ‘उंची वाढवा’ अशी पत्रके एसटीच्या गाड्यांत आणि भिंतींवर आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आता ती मोबाइलवर येतात. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. औषधाने ज्या गोष्टी बऱ्या करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणा, व्यक्तीची उंची आणि स्त्रीच्या वक्षस्थळाचा आकार या तिन्हींचा स्पष्ट समावेश आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. मुलांना हा कायदा सांगायला हवा. ज्या गोष्टीची जाहिरात करणेच गुन्हा आहे, ती विकणाऱ्यावर विश्वास किती ठेवायचा, हे त्यांना आपोआप कळेल.

घरात आणि शाळेत काय करावे?

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये लठ्ठपणा आणि आहारविकार या दोन्हींना आळा घालणारे जे उपाय सुचवले, ते ऐकायला साधे आहेत. मुलांना डाएट करण्यास उत्तेजन देऊ नये, घरात वजनाची चर्चा करू नये, शक्य तितके जेवण एकत्र बसून करावे, वजनावरून मुलांची चेष्टा होत नाही ना याची चौकशी करावी आणि त्यांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी आदर रुजवावा. यातील एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. दिवसातून एकदा, निदान रात्री, मोबाइल बाजूला ठेवून सर्वांनी एका पंगतीत बसावे. कोण किती जेवते, हे न विचारताही त्यात दिसते.

ताटात काय असावे, यासाठी परदेशी ओट्स किंवा ॲव्होकाडो शोधण्याची गरज नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकेच तंतुमय घटक असतात. भाकरीने माणूस जाड होतो, हा समज निराधार आहे. भाकरी, तुरीचे वरण, मोड आलेली मटकी, हुलगे, मेथी-शेपूची भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक आणि परवडेल तसे अंडे किंवा मटण हा वाढत्या वयाला साजेसा आहार आहे. भाजीवर लिंबू पिळले की तिच्यातील लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला की ते कमी होते. भूम तालुक्यातील कुंथलगिरीचा खवा प्रसिद्ध आहे. सणावारी त्याचा पेढा खाल्ला म्हणून कोणी पापी ठरत नाही. ‘हे चांगले अन्न, हे वाईट अन्न’ अशी नैतिक विभागणी मुलांच्या मनात भीतीच निर्माण करते.

शाळांत दर आठवड्याला मिळणारी लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी अनेक मुली टाळतात. ती पोटभर जेवणानंतर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुला-मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत समुपदेशनाची सोय आहे. महाराष्ट्रात ही केंद्रे ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानस सेवेचा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. शिक्षकांनी वर्गात सर्वांसमोर वजन करून ते मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा बंद करावी. ‘जाड्या’, ‘सुकडी’ ही टोपणनावे गमतीची नाहीत, हेही त्यांनीच मुलांना सांगायला हवे.

शरीर कशासाठी?

शरीराकडे पाहण्याची दुसरी दृष्टी शिकवण्यासाठी या जिल्ह्याला फार दूर जावे लागत नाही. भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार राहिलेल्या सारिका काळे धाराशिवच्याच. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी होत्या. घरच्या गरिबीमुळे जवळपास दहा वर्षे आपल्याला दिवसातून एकदाच जेवण मिळत असे, असे त्यांनी त्या वेळी सांगितले होते. मिळाले नाही ते अन्न मिळावे यासाठी एक खेळाडू धडपडत होती. मिळालेले अन्न केवळ दिसण्यापायी नाकारणाऱ्या पिढीला ही गोष्ट ठाऊक असायला हवी. मात्र त्यांना लाजवण्यासाठी नव्हे, तर अन्न ही शक्ती आहे, शत्रू नव्हे, हे पटावे म्हणून.

खो-खोच्या मैदानावर खेळाडूचा रंग कोणी पाहत नाही. खांब गाठण्याचा वेग, वळण्यातील चपळाई आणि शेवटच्या मिनिटापर्यंत टिकणारा श्वास, एवढेच तेथे मोजले जाते. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरपर्यंतची चाळीसहून अधिक किलोमीटरची वाट अनवाणी तुडवणाऱ्या हजारो भाविकांतही सर्व वयाच्या, सर्व बांध्यांच्या बायका असतात. त्यांच्या पायांतील बळ कोणत्याही फोटोत मावत नाही.

घरातील आणि शाळेतील मोठ्यांनी प्रश्न बदलले, तर मुलांची उत्तरेही बदलतील. ‘किती वजन झाले?’ याऐवजी ‘जिना चढताना दम लागतो का?’, ‘पाळी वेळेवर येते का?’, ‘झोप नीट लागते का?’, ‘आज काय खेळलीस?’ असे विचारता येईल. जो जिल्हा मुलींच्या अंगातील रक्त वाढावे म्हणून इतकी वर्षे झटतो आहे, त्याने ते रक्त आरशापायी आटू देणे परवडणारे नाही. मुलीच्या ताटात दुसरी भाकरी वाढताना हात आखडू नये आणि तिने ती घेतली म्हणून कोणी टोकूही नये. एवढे प्रत्येक घराला आजपासूनच जमण्यासारखे आहे.